बाबूराव पेंटरांचा सावकारी पाश

रात्रीची वेळ. एकटी पडलेली झोपडी, तिच्यावर जेमतेम पडलेला उजेड आणि बाहेर रडणारं एक कुत्रं. कुत्र्याचं रडणं ऐकू येण्याची सोयच नव्हती, कारण चित्रपट मुका होता. तरी हा प्रसंग पाहिलेल्या जे. बी. एच. वाडियांना तो पुढं कित्येक वर्षं विसरता आला नाही, आणि ते पुढं स्टंटपटांचे नामांकित निर्माते झाले. चित्रपटाचं नाव ‘सावकारी पाश’, साल १९२५, गाव कोल्हापूर, दिग्दर्शक बाबूराव पेंटर. आज तो चित्रपट कुणालाच पाहता येत नाही. त्याचं रीळ उरलेलं नाही. उरल्या त्या पाहणाऱ्यांच्या आठवणी.

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबमध्ये बसून कोल्हापूरच्या शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटाची चौकशी कशाला, असं कुणी विचारेल. पण कथा ऐका. एका शेतकऱ्याची जमीन सावकार कागदाच्या जोरावर गिळतो. जमीन गेल्यावर पोरगा शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. हे ऐकून इथला कास्तकार पुढचं स्वतःच सांगू लागतो. वावर कुणाकडे गहाण आहे, खरेदीखत कुणाच्या नावानं झालं, पुण्या-मुंबईला कुणाचा पोरगा गेला. कोल्हापूर इथून लांब असलं तरी गोष्ट ओळखीची आहे.

आणि ती गोष्ट पडद्यावर आणणारा माणूस स्वतःच आयुष्यभर अशाच गुंत्यात राहिला. कर्जावर कंपनी काढली, भागीदारांच्या भांडवलावर चालवली, शेवटी तीही हातून गेली.

मराठी माणसाला ‘अस्वस्थ दिग्दर्शक’ म्हटलं की पहिल्यांदा गुरुदत्त आठवतो. ‘कागज के फूल’, ती निराशा, १० ऑक्टोबर १९६४ ची ती सकाळ. गुरुदत्तची अस्वस्थता त्याच्या चित्रपटांतच नोंदली गेली, म्हणून ती सगळ्यांना दिसते. बाबूरावांच्या नशिबी तेही नव्हतं. शिवाय गुरुदत्त १९४४ मध्ये ज्या ‘प्रभात’मध्ये नोकरीला लागला, ती ‘प्रभात’ बाबूरावांच्याच हाताखालून निघालेल्या माणसांनी उभी केली होती. हे फारसं कुणी सांगत नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम जाणणारे कारागीर. शाळेशी बाबूरावांचं फार जमलं नाही. चित्र काढायला, लाकूड कोरायला, लोखंड वाकवायला शिकले ते घरातच. चुलतभाऊ आनंदराव मेस्त्री त्यांच्यापेक्षाही तयारीचे चित्रकार. दोघे मिळून संगीत नाटकांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’सारख्या कंपन्यांना त्यांचे पडदे लागत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असं सगळं रंगात उभं करायचं आणि प्रेक्षकाला ते खरं वाटायला लावायचं, हीच त्यांची रोजची कमाई. ‘पेंटर’ हे आडनाव असं धंद्यातून चिकटलं.

१९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांच्या डोक्यात पडद्याचा अर्थच बदलला. मुंबईच्या चोरबाजारातून एक प्रोजेक्टर आणला. तो चालवला, उघडला, पुन्हा जोडला. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा स्वतःच बनवू म्हणाले. हे ऐकायला सोपं वाटतं, पण फिल्मवर एकामागून एक चौकटी नेमक्या जागी थांबवणारी आणि लगेच पुढं ओढणारी यंत्रणा म्हणजे घड्याळजीचं आणि लोहाराचं काम एकाच वेळी. त्यातच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले नावाचा हातात जादू असलेला कारागीर त्यांच्यासोबत होता. दोघांनी मिळून कॅमेरा पुरा केला.

कॅमेऱ्यापुढचा प्रश्न पैशांचा. तो सोडवला तानीबाई कागलकर या गायिकेनं. कोल्हापूरच्या कलेच्या इतिहासात तानीबाईंचं नाव तळटीपेत टाकतात, ते मला पटत नाही. शिक्षितांचा, सरदारांचा पैसा जिथं कचरत होता, तिथं एका गाणाऱ्या बाईनं आपला पैसा घातला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. शाहू महाराजांचं कोल्हापूर होतं म्हणून ते जमलं हेही खरं. मल्ल, गवय्ये, चित्रकार, नाटकवाले या सगळ्यांना त्या गावात पाठबळ होतं आणि बाबूरावांनी माणसं या सगळ्यांतूनच वेचली. तालमीतला माणूस भीम झाला, पडदे रंगवणारा सेट बांधू लागला.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या ‘आर्यन’ चित्रगृहात ‘सैरंध्री’ लागला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम एका पुरुषानं केलं होतं. बाबूरावांनी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी दोन बायकांना पडद्यावर आणलं. त्या काळी सिनेमात काम करायचं म्हणजे समाजाचं बोलणं कायमचं अंगावर घ्यायचं, आणि त्या दोघींनी ते घेतलं. बाळासाहेब यादव आणि झुंजारराव पवार यांचीही त्यात कामं होती. कीचकवध इतका खरा वाटला की तो प्रसंग सेन्सॉरच्या कात्रीतून सुटला नाही. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

टिळकांची शाबासकी आणि सेन्सॉरची कात्री एकाच चित्रपटाला मिळाली, यात मला बाबूरावांचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो. पडद्यावर जे दिसतं ते खरं वाटलंच पाहिजे, हा एकच ध्यास. नाटकातून आलेले इतर लोक रंगवलेल्या पडद्यापुढं नट उभे करत. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसानं मात्र रंगवलेले पडदे टाकून दिले आणि खांब, भिंती, दारं असलेले सेट बांधले. चित्रीकरणाआधी ते प्रसंगांची, वेशभूषेची, माणसांच्या उभं राहण्याची रेखाटनं करत. दागिना कुठला, पागोट्याला कुठला पेच, दिवा कुठं ठेवायचा, हे आधी कागदावर ठरे. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या लढाईचे प्रसंग त्यांनी कृत्रिम उजेडात घेतले. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट इतका चालला की ती गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असं सिनेमावाले सांगतात. लोकांनी गर्दी केली की सरकारला महसूल आठवतो, यात आश्चर्य नाही.

चित्रपटांच्या भल्यामोठ्या जाहिराती ते स्वतः रंगवत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाला १९२४ च्या लंडनच्या वेंब्ले प्रदर्शनात पारितोषिक मिळालं.

त्याआधीच कंपनीत एक पोरगा दाखल झाला होता, शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे शांतारामबापू. मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांनी त्याला कंपनीत लावलं. झाडलोट, रंगकाम, प्रयोगशाळा, पडेल ते काम. १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये त्याला पडद्यावर उभं राहायला मिळालं. दामले होते, फत्तेलाल होते, धायबर होते. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कंपनी कमी आणि शाळा जास्त होती. पण शिकवण्याची पद्धत वेगळी. बाबूराव बोलत नसत. तोंडातून दिवसभर चार शब्द निघाले तरी पुष्कळ. चेला चुकला की त्याच्यासमोर स्वतः करून दाखवत. पाहून जे शिकले, ते पुढं मोठे झाले.

आता ‘सावकारी पाश’.

कथा नारायण हरी आपट्यांची, म्हणजे ज्यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी पुढं ‘कुंकू’ केला, त्यांचीच. शेतकऱ्याच्या पोराचं काम शांतारामाकडे आलं. देवादिकांच्या आणि शिवकालाच्या गोष्टींवर चालणाऱ्या कंपनीनं एकदम आजच्या खेड्यातली, मळक्या धोतरातली गोष्ट का घेतली असावी?

दख्खनमधल्या माणसाला सावकार काय असतो हे सांगायला लागत नव्हतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तसंच झालं. दंगलखोरांना माणसं मारण्यात रस नव्हता. त्यांनी शोधून काढले ते गहाणखतांचे, हिशेबाचे कागद, आणि ते जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि भाव असताना घेतलेलं कर्ज शेतकऱ्याच्या उरावर राहिलं. सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पण तो सुरुवातीला पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरताच होता.

वऱ्हाड त्यात नव्हता. आणि कापसाचा भाव वर जाताना व खाली येताना ज्यानं सगळ्यात जास्त सोसलं तो हाच मुलूख. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड इंग्लंडच्या गिरण्यांसाठी कापूस पिकवू लागला. काळी जमीन, पऱ्हाटी आणि कापूस वाहून न्यायला रेल्वे. मूर्तिजापूरपासून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी आमची अरुंद रुळांची गाडी, ‘शकुंतला’, याच कापसासाठी आली. इंग्रजी कंपनीनं टाकलेल्या रुळांवर कापूस गेला, रोकड आली आणि रोकडीच्या मागोमाग कर्ज. जमीन विकता-गहाण ठेवता येऊ लागल्यावर सावकाराला तारण मिळालं आणि कागद करून घेता येणाऱ्याच्या हातात जमीन जाऊ लागली. गोष्टीत खोट्या कागदानं जमीन जाते, पण खऱ्या आयुष्यात खोटा कागद करण्याची गरजही सहसा पडत नसे. अंगठा खरा असे, व्याजाचा दर खरा असे, खरेदीखतही खरंच असे.

इथंच बाबूरावांचा डोळा वेगळा ठरतो. पौराणिक चित्रपटात राक्षस कोण ते पहिल्याच चौकटीत कळतं. इथं झोपडी दाखवायची होती. रिकामी, अंधारी, दिवा विझण्याच्या बेतात असलेली. दुःख अभिनयातून दाखवण्याऐवजी त्यांनी ते उजेडाच्या अभावात दाखवलं. पडदे रंगवताना काळोख कुठं ठेवायचा हे ज्याला कळलं होतं, त्याला हे सुचलं. त्याच वर्षाच्या शेवटी रशियात ‘पोटेमकिन’ येत होता आणि अमेरिकेत चॅप्लिन ‘गोल्ड रश’ दाखवत होता. कोल्हापुरातल्या माणसाला या दोन्हींची खबर असण्याचं कारण नव्हतं.

प्रेक्षक आले नाहीत. जाणकारांनी नावाजलं, पण तिकिटाच्या खिडकीवर गोष्ट जमली नाही. याची कारणं फार शोधावी लागत नाहीत. सिनेमा म्हणजे चमत्कार पाहण्याची जागा होती. घरी जे रोज भोगायचं, ते पुन्हा पैसे देऊन कशाला पाहायचं? बाबूराव पुन्हा ‘भक्त प्रल्हाद’कडे, ‘सती सावित्री’कडे, ‘मुरलीवाला’कडे वळले. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली खरी घडी ही होती. इथून पुढं ते एक काम मनापासून आणि एक काम नाइलाजानं, असे जगत राहिले.

कंपनीत धुसफूस वाढत गेली. बाबूरावांचा दोष असा की त्यांना कुठलंही काम पुरं झालं असं कधी वाटतच नसे. एक प्रसंग जुळला नाही म्हणून दिवस जात, सेट आवडला नाही म्हणून पुन्हा बांधला जाई. मर्जी लागली तर रात्रंदिवस काम, नाही लागली तर सारं थंड. चित्रकाराला हे परवडतं, कारण त्याच्या रंगाचा खर्च थोडा असतो. चित्रपट कंपनीला परवडत नाही. पैसा घातलेल्यांना हिशेब हवा होता, आणि हिशेब हा बाबूरावांचा प्रांत नव्हताच. दुसरीकडे हाताखालची माणसं तयार झाली होती. ‘नेताजी पालकर’ १९२७ मध्ये शांतारामानं दिग्दर्शित केला होता. ज्याला आपण काम करू शकतो हे समजलं आहे, तो दुसऱ्याच्या मर्जीवर किती दिवस थांबेल?

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू झाली. गुरूंना ही गोष्ट किती लागली असेल याचे तर्क अनेकांनी केले आहेत. मी त्यांत भर घालत नाही. एवढं मात्र खरं की ज्या माणसांना बाबूरावांनी घडवलं त्यांनीच गुरूचं कंपनीतून जाणं सोपं केलं. १९३० मध्ये बाबूराव भागीदारांशी बिनसून महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी कंपनीला टाळं लागलं. चोरबाजारातल्या प्रोजेक्टरवरून कॅमेरा बनवणाऱ्या माणसाकडे स्वतःची कंपनी उरली नाही.

१९३१ मध्ये बोलपट आले. बाबूरावांना त्याचं कौतुक वाटलं नाही. त्यांना वाटे की इतक्या वर्षांत कष्टानं तयार झालेली चित्राची भाषा या बोलण्यात वाहून जाईल. आज हे हट्टाचं वाटतं, आणि होतंही. पण बोलपटाची पहिली काही वर्षं पाहा. माइकजवळ उभे राहून गाणारे आणि संवाद म्हणणारे नट, जागचा हलेना असा कॅमेरा. म्हणजे त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं, फक्त ती तक्रार धंद्याच्या उपयोगाची नव्हती. ते चित्रं काढत राहिले, मूर्ती घडवत राहिले. मधूनच कुणीतरी बोलावून नेई. १९३५ मध्ये कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ केला. १९३६ मध्ये त्याच कंपनीसाठी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी आवाजासह. चंद्रकांत मांढरे त्यातून पडद्यावर आले. चंद्रकांतांनी पुढं अभिनयाइतकीच चित्रकलाही जपली, ती याच गुरूच्या सहवासामुळे.

त्याच १९३६ मध्ये पुण्याला हललेल्या ‘प्रभात’नं ‘संत तुकाराम’ आणला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. पुढच्या वर्षी हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. ‘संत तुकाराम’मधली घरं पाहा. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीचे पोपडे, आवलीच्या कमरेला खोचलेलं लुगडं. नाटकी काहीच नाही. फत्तेलालांनी सेट बांधायला आणि दामल्यांनी कॅमेऱ्यामागं उभं राहायला बाबूरावांच्याच कंपनीत शिकून घेतलं होतं. बाबूरावांना जे १९२५ मध्ये करायचं होतं आणि प्रेक्षकांनी करू दिलं नाही, ते शिष्यांनी भक्तीच्या गोष्टीत बसवलं. मग प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. मला तर ‘संत तुकाराम’मध्ये बाबूरावांचा हात स्पष्ट दिसतो. तुकोबाही शेवटी कर्जानं गांजलेला कुणबीच होता. त्यानं लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हा फरक.

आणखी एक संधी आली. १९४७ चा ‘लोकशाहीर राम जोशी’. बोलावणारे शांतारामबापू, त्यांच्या राजकमल संस्थेसाठी. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, लेखन माडगूळकरांचं. गुरूला काम द्यायचं, मान द्यायचा, हा हेतू स्वच्छ होता. पण गती तीच. बाबूराव घाई करेनात आणि राजकमलचा हिशेब घाई मागत होता. अखेर शांतारामबापूंनी उरलेलं काम स्वतः पुरं केलं. चित्रपट अफाट चालला आणि त्याच्या मागून मराठीत तमाशापटांची रांग लागली. ती वाट गुरूच्या नावावर लिहायची की शिष्याच्या, हा प्रश्न मला आजही सुटत नाही. १९५२ मध्ये बाबूरावांचा ‘विश्वामित्र’ आला.

आणि त्यांच्या गोष्टीतलं कर्ज? सावकारांना आवर घालणारा मुंबई सावकारी कायदा १९४६ चा. त्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा, १९ मार्च १९८६ रोजी, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको आणि मुलांसह जीवन संपवलं. आता दर १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक त्या घराच्या आठवणीत अन्नत्याग करतात. तोवर सावकाराच्या जोडीला बँक आली होती, वीजबिल आलं होतं, बाजारभाव होताच. २००९ मध्ये सतीश मनवर यांनी विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात कॅमेरा नेऊन ‘गाभ्रीचा पाऊस’ केला. शेतकऱ्याच्या कर्जावर मराठी चित्रपट, ही गोष्ट तेव्हा नवीन म्हणून लिहिली गेली. नवीन नव्हती, तिला चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती.

तिचा विसर पडायला एक साधं कारण आहे. मूकपटाची फिल्म नायट्रेटची, लगेच पेट घेणारी, नाहीतर आपोआप कुजणारी. तीतली चांदी काढून घेण्यासाठीही रिळं जाळली गेली. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि त्यातले अगदी मोजके उरले. बाबूरावांच्या कामाचे काही तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. ‘सावकारी पाश’ त्यांत नाही. ते संग्रहालय निघालं १९६४ मध्ये, बाबूराव गेल्यावर दहा वर्षांनी.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत हिंदी सिनेमात एक नवाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, वास्तववाद. १९५२ च्या जानेवारीत भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहून बिमल रॉय भारावले आणि त्यांनी ‘दो बिघा जमीन’ काढला. जमीन गहाण पडलेला शेतकरी, शहराकडे निघालेला, कलकत्त्यात रिक्षा ओढणारा. १९५३ मध्ये तो लागला आणि खरा शेतकरी भारतीय पडद्यावर आला तो इटलीच्या वाटेनं, असं लोक लिहू लागले. बाबूराव तेव्हा कोल्हापुरात होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी आपण अगदी हेच केलं होतं, हे दाखवायला त्यांच्याकडे रीळ नव्हतं, आणि बोलून सांगण्याचा तर त्यांचा स्वभावच नव्हता. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.